नॉर्वे: फ्योर्ड (डोंगरात शिरलेली समुद्राची खाडी) बघून झाल्यावर पुढे काय? (तिथलं रोजचं जगणं अनुभवायचं तर)

फिरस्ता_नाशिक
मंडळी, नॉर्वेवर इथे आधीचे बरेच धागे आहेत, पण सगळ्यांची गाडी एकाच रुळावरून जाते: ओस्लो, फ्लोम, बर्गन, लोफोटेन, फोटो, समाप्त. देखावा अप्रतिमच, वादच नाही. पण तिथली माणसं सुट्टीत काय करतात, काय खातात, शेजाऱ्यांशी कशी वागतात हे त्यातून कळत नाही.

दोन प्रश्न.
१) सप्टेंबरमध्ये दहा दिवस, दोघं जण, पन्नाशीतले. सिंहगड चढतो, पण दम लागतो. स्थळं कमी करून नॉर्वेजियन पद्धतीची एकच गोष्ट नीट करायची तर कुठली?
२) भाच्याला जानेवारीपासून ट्रोंडहाइमला दोन वर्षांची नोकरी आहे. बायको आणि तीन वर्षांची मुलगी बरोबर. त्यांना आधीच काय माहीत असायला हवं?

माझं मत असं की कुठल्याही देशाची संस्कृती संग्रहालयात नसते, सुट्टीच्या दिवशी दिसते. पटत नसेल तर बिनधास्त हाणा.

टवाळ
दहा दिवसांत संस्कृती? त्यातले दोन बिलं बघून सावरण्यात जातील. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

डोंगरवेडी
प्रश्न १ चं उत्तर एका शब्दात: ह्युत्ते. म्हणजे डोंगरातली लाकडी झोपडी. खाजगी झोपडीत बोलावणं येणं दहा दिवसांत अवघड, पण डीएनटी ही १८६८ पासूनची गिर्यारोहक संस्था आहे, तिच्या साडेपाचशेहून जास्त झोपड्या देशभर आहेत आणि त्या सगळ्यांना खुल्या आहेत. सभासद झालात तर दर कमी पडतो. दोन-तीन मुक्काम करणार असाल तर सभासदत्वाचे पैसे वसूल होतात.

झोपड्यांचे तीन प्रकार आहेत. नोंदणी करताना इथेच गडबड होते:

अ) माणसं असलेली. जेवण, खोली, वाळवणखोली, बहुतेक ठिकाणी गरम पाणी. रात्रीचं जेवण एका ठराविक वेळी, घंटा वाजली की सगळे लांब टेबलांवर एकत्र. शेजारी कोण बसेल ते तुमच्या हातात नाही, आणि एरवी बसमध्ये शेजारची सीट रिकामी ठेवणारे नॉर्वेजियन इथे आपणहून बोलतात. सकाळी न्याहारीच्या टेबलावरूनच दुपारचा डबा बांधून घ्यायचा. डब्याचे आणि थर्मास भरून घेण्याचे पैसे वेगळे, ते सांगून घ्यायचं.

आ) स्वतःचं स्वतः करायची. आत पलंग, रजया, भांडी, गॅस, सरपण आणि कोठीघर: ओट्स, कुरकुरीत पाव, डबाबंद पदार्थ, सूपची पाकिटं. जे घ्याल ते यादीत लिहायचं, मुक्कामासकट पैसे नंतर ऑनलाइन भरायचे. बघायला कोणी नसतं.

इ) तिसऱ्या प्रकारात कोठीघर नाही, बाकी तसंच. अन्न पाठीवर.

आ आणि इ ला बऱ्याच ठिकाणी डीएनटीची ठरलेली किल्ली लागते. ती सभासदाला अनामत भरून मिळते. ओस्लोतच घ्या, डोंगराच्या पायथ्याशी मिळेल या भरवशावर राहू नका.

तिन्ही ठिकाणी 'लाकेनपोसे' हवीच, म्हणजे चादरीची पिशवी. रजईच्या आत ती घालून झोपायचं, कारण रजया रोज धुतल्या जात नाहीत.

टवाळ
म्हणजे पैसे भरून जायचं, लाकडं फोडायची, भांडी घासायची, आणि वर चादर पण आपलीच? याला सुट्टी म्हणतात?

डोंगरवेडी
@टवाळ, तेच तर तिथलं सुट्टीचं रूप आहे. 😀 निघायच्या दिवसाची कामं भिंतीवर लिहिलेली असतात. पुढच्यासाठी पाणी भरून ठेवणं, जाळलं तितकं सरपण आत आणून ठेवणं, राख काढणं, केर काढणं, खिडक्यांच्या कड्या तपासणं. राख पत्र्याच्या बादलीतच टाकायची. वरून विझलेली वाटते, पण आत निखारे दिवसदिवस जिवंत राहतात आणि झोपड्यांना आगी लागतात त्या अशाच. झोपडीतल्या वहीत नाव, तारीख आणि 'पुढे कुठे जाणार' हे लिहायला विसरू नका. तुम्ही पोचला नाहीत तर शोधपथक आधी ती वही उघडतं.

शेगडी पेटवायची रीतही उलटी आहे. आपण खाली कागद-काटक्या घालून वर ओंडके रचतो. तिथे मोठे ओंडके तळाला, त्यावर आडवी मध्यम लाकडं, सगळ्यात वर काटक्या, आणि पेटवायचं वरून. धूर ज्वाळेतून वर जाताना जळून जातो, काच काळी पडत नाही. हवेची झडप सुरुवातीला पूर्ण उघडी ठेवायची. पहिल्याच मिनिटाला झडप बंद केली की खोलीभर धूर आणि सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे.

सह्यकडा
चांगली माहिती. पण पन्नाशीतल्या नवख्यांना नक्की कुठली झोपडी? ते 'देशभर' वगैरे ठीक आहे हो.

डोंगरवेडी
रोंदाने. १९६२ साली झालेलं नॉर्वेचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. पर्जन्यछायेत असल्यामुळे पश्चिम किनाऱ्यापेक्षा कितीतरी कोरडं. ओस्लोहून ट्रोंडहाइमच्या गाडीने ओत्ताला उतरायचं, तिथून म्यूसुसेतरपर्यंत बस किंवा टॅक्सी, पुढे स्प्रांगेतचा वाहनतळ, आणि तिथून ६ किमी जवळजवळ सपाट रस्त्याने रोंदवासबू ही माणसं असलेली झोपडी. दोन रात्री तिथेच काढा. मधल्या दिवशी पाय आणि हवा दोन्ही साथ देत असतील तर स्तूररोंदेन (२१३८ मी.). वरचा सगळा भाग सुट्या दगडांचा आहे, उतरताना गुडघे बोलतात, काठ्या न्या. जमत नसेल तर तळ्याकाठी फिरा, कोणी कमी लेखत नाही. 'माघारी फिरण्यात लाज नाही' हा त्यांच्या डोंगर-नियमांपैकी एक नियम आहे. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत १८ जण दगावले, त्यानंतर ते नऊ नियम देशभर घरोघरी पोचवले गेले.

बर्गनकर_बंडू
रोंदानेला असहमत. हे लोक तसेही ओस्लो-बर्गन रेल्वेने जाणार. मग मध्ये १२२२ मीटरवरच्या फिन्सेला उतरा की. गावाला गाडीरस्ता नाही, येणारा प्रत्येक माणूस रेल्वेने, पायी, सायकलने नाहीतर स्कीवर येतो. स्थानकापासून झोपडी हाकेच्या अंतरावर. समोर हार्दांगरयोकुलेन हिमनदी. बस-टॅक्सीची भानगडच नाही.

डोंगरवेडी
@बंडू, सोय फिन्सेचीच जास्त, मान्य. पण तिथली वाट खडकाळ आणि ओली, वारा सतत, आणि सप्टेंबरमध्ये ताजा बर्फ पडू शकतो. 'हिमनदी जवळच दिसतेय, जरा पाय ठेवून येऊ' असं पर्यटकांना वाटतं तेही तिथेच. वाटाड्या आणि दोर नसेल तर हिमनदीवर पाऊल टाकायचं नाही. भेगा वरच्या बर्फाखाली झाकलेल्या असतात.

दोन्हीकडे वाट दाखवणारं चिन्ह एकच, दगडांच्या ढिगावर लाल 'टी'. पुढचा 'टी' दिसत नसेल तर मागच्यापाशी परत या.

तंबूवाला
झोपडी परवडत नसेल तर तंबू. १९५७ च्या कायद्याने मोकळ्या माळरानावर, डोंगरात, जंगलात कोणालाही फिरायचा आणि मुक्कामाचा हक्क आहे, जमीन कोणाची का असेना. अटी: राहत्या घरापासून किंवा झोपडीपासून किमान १५० मीटर लांब, आणि एका जागी दोन रात्री. त्यापुढे मालकाला विचारायचं. उंच डोंगरात आणि वस्तीपासून फार लांब दोन रात्रींची अट नाही. शेत, कुरण, घराचं आवार यात येत नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ उघडी शेकोटी बंद. रानातली ब्लूबेरी सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत मिळते, हवी तितकी खा. बहुतेक लोक मर्यादा मोडतात ती तंबूने नाही, गाडीने. रस्त्याकडेला कुठेही कॅम्परव्हॅन लावून 'आमचा हक्क' म्हणतात. तो हक्क पायी फिरणाऱ्याचा आहे.

ट्रोंडहाइमवासी
प्रश्न २ कडे कोणी बघितलंच नाही, म्हणून सविस्तर.

कागदपत्रांचा क्रम बदलला की सगळं अडतं:
परवाना मंजूर > पोलिसांकडे वेळ घेऊन बोटांचे ठसे आणि राहण्याचं कार्ड > कर खात्यात प्रत्यक्ष जाऊन ओळख पटवणं आणि 'नॉर्वेत राहायला आलो' ही नोंद > ११ अंकी जन्मक्रमांक > बँक खातं > बँक-आयडी.

शेवटचा बँक-आयडी, म्हणजे ऑनलाइन ओळखपत्र, हीच खरी गुरुकिल्ली. डॉक्टर निवडणं, कर, बालवाडीचा अर्ज, व्हिप्स या ॲपने पैसे देणं, सगळं त्यावर. पोलिसांची आणि कर खात्याची वेळ निघायच्या आधी भारतातूनच घेऊन ठेवा, आणि मूळ पासपोर्टबरोबर लग्नाचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला अपोस्टील करून (परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का घेऊन) न्या. पहिला पगार व्हायच्या आत कर-कार्ड (किती कर कापायचा ते सांगणारं) निघालं नाही तर मालक ५० टक्के कापतो. पुढे परत मिळतात, पण पहिल्या महिन्यात ते परवडत नाही.

घर: अनामत साधारण तीन महिन्यांचं भाडं, कायद्याने कमाल सहा. ती भाडेकरूच्या नावाच्या स्वतंत्र अनामत खात्यात ठेवायची असते. 'माझ्या खात्यावर टाका' म्हणणारा घरमालक टाळा. ताबा घेताना प्रत्येक भिंत, ओव्हनचं आतलं तोंड आणि न्हाणीघराची मोरी यांचे तारखेसह फोटो. वीज भाड्यात आहे की वेगळी हे आधी विचारा. जानेवारीत तो आकडा लहान नसतो.

सुट्टीचा पगार: इथे प्रत्येक नवा माणूस चक्रावतो. सुट्टीचे पैसे आदल्या वर्षीच्या कमाईवर साचतात (कायद्याने १०.२ टक्के, पाच आठवडे सुट्टी असलेल्या कंपन्यांत १२) आणि पुढच्या जूनमध्ये हातात येतात. भाचा जानेवारीत रुजू झाला तर पहिल्या उन्हाळ्यात त्याला रजेचा हक्क आहे, रजेचा पगार नाही. घेतली तर तितके दिवस कापले जातात. काही कंपन्या आधीच पगारी रजा देतात, म्हणून करारावर सही करायच्या आधी विचारायचं. जुलैत अख्खं ऑफिस रिकामं असतं, तेव्हा एकटा बसून राहण्याचीही तयारी हवी.

शंकासुर
@ट्रोंडहाइमवासी, साहेबाला काय म्हणायचं? सर चालतं?

ट्रोंडहाइमवासी
नावाने हाक. प्राध्यापक, डॉक्टर, विभागप्रमुख, सगळे नावाने. 'सर' म्हटलं तर थट्टा वाटते. चारला उठून मुलांना आणायला जाणं हे कामचुकारपणाचं लक्षण नाही. उलट रात्री आठला मेल पाठवणाऱ्याकडे 'याचं नियोजन चुकतंय' असं बघतात. बैठकीत गप्प बसलात तर तुमची संमती आहे असं धरतात. आक्षेप असेल तर तिथेच, शांत आवाजात सांगायचा. आणि स्वतःच्या कामाची टिमकी वाजवायची नाही. तिथे ती उलटी वाजते.

चौकस_काकू
सामानात काय न्यायचं ते मी सांगते. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपाबाहेरून न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खवापोळी, चीज घरीच ठेवा. गोडा मसाला, मेतकूट, लसणीची चटणी, भाजणी हे बंद पाकिटात, वर नाव लिहून. तूप घरी कढवता येतं. तिथलं मीठ न घातलेलं लोणी घ्या, साधं लोणी खारट असतं आणि त्याचं तूप खारट होतं. डाळी-मसाले ओस्लोत ग्रोनलान भागात मिळतात. ट्रोंडहाइमलाही आशियाई दुकानं आहेत, पण पहिल्या आठवड्याची सोय बरोबर असू द्या.

आणि फोडणी! प्रत्येक घरात धुराची घंटा असते, कित्येक इमारतींत ती थेट अग्निशमन दलाला जोडलेली. मोहरी तडतडेपर्यंत तेल तापलं की घंटा वाजते, बंब आला तर फेरीचं बिल येऊ शकतं. आधी शोषक पंखा पूर्ण वेगावर, खिडकी उघडी, स्वयंपाकघराचं दार बंद, तेल मध्यम आचेवर. आणि जिन्याचं दार उघडून धूर बाहेर घालवायचा नाही, जिन्यातली घंटा अख्ख्या इमारतीची असते.

टवाळ
फोडणीला बंब. नॉर्वेत आपल्या खाद्यसंस्कृतीचा जाहीर सत्कारच म्हणायचा.

खवय्या_७७
आता आला धागा मुद्द्यावर. ब्रूनुस्त कोणी खाल्लाय का? तो तपकिरी चीज. चवीला कंदी पेढ्यात चिमूटभर मीठ पडल्यासारखा. खरं तर तो नेहमीच्या अर्थाने चीज नव्हेच. चीज करून उरलेलं निवळीचं पाणी तासन् तास आटवतात, त्यातली दुधाची साखर करपून तपकिरी होते. १८६३ च्या सुमारास गुदब्रान्सदालच्या आन्ने होव्ह या बाईने त्यात साय घातली आणि आजचा प्रकार तयार झाला. त्यात फॅट आणि साखर इतकी की २०१३ साली उत्तरेत एका बोगद्यात ब्रूनुस्तने भरलेला ट्रक पेटला तो दिवसेंदिवस विझेना.

सुरीने कापू नका, जाड फोडी पडतात आणि टाळूला चिकटतात. चीज-रंधा घ्या. तोही नॉर्वेचाच शोध, १९२५ मध्ये लिलेहामरच्या सुतार तूर ब्योर्कलुन यांचा. रंधा स्वतःकडे ओढायचा, पातळ पापुद्रा निघतो. एकाच बाजूने ओढत राहिलात तर ठोकळा घसरगुंडीसारखा उतरता होतो, आणि घरातली माणसं त्यावरून खरोखर कुरकुरतात.

तो खायचा वाफलवर. पाच दल मैदा (साधारण ३०० ग्रॅम), ५ दल दूध, ३ अंडी, १ दल साखर, १०० ग्रॅम वितळलेलं लोणी, चमचाभर बेकिंग पावडर, चमचाभर वेलची पूड. एक दल म्हणजे १०० मिली. हो, वेलचीच. पीठ अर्धा तास झाकून ठेवायचं. घाई केली तर मैदा फुगत नाही, वाफल मऊ पडतो आणि साच्याला चिकटतो. आणि एकावर एक रचू नका, वाफेने लिबलिबीत होतात. जाळीवर पसरा.

पोटोबा
गोड झालं, आता राष्ट्रीय पदार्थ. फोरिकोल. दीड किलो हाडांसकट मटण, दीड किलो कोबी, चार चमचे अख्खी मिरी, दोन चमचे मीठ, ३ दल पाणी. बस. चरबीची बाजू खाली ठेवून मटणाचा थर, वर कोबीच्या मोठ्या फाका, मीठ-मिरी, परत मटण. झाकण लावून मंद आचेवर अडीच तास, ढवळायचं नाही. पाणी कमी वाटतं म्हणून लोक वाढवतात आणि पाणचट करून टाकतात. कोबी स्वतःचं पाणी सोडतो. दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. सप्टेंबरचा शेवटचा गुरुवार हा त्याचा ठरलेला दिवस, म्हणजे फिरस्ता, तुमच्या तारखा जुळतात का बघा.

चौकस_काकू
मिरी आणि मीठ. एवढंच. आलं-लसूण पण नाही. असू दे, असू दे.

पोटोबा
काकू, एकदा तिथल्या मटणाची चव मसाल्याविना घ्या. शरद ऋतूत डोंगरावरून उतरलेल्या कोकरांचं असतं, उन्हाळाभर रानगवत खाल्लेलं. थरांमध्ये पीठ भुरभुरावं की नाही यावर मात्र तिथे घराघरांत दोन पक्ष आहेत. मी बिनपिठाच्या पक्षात.

शाकाहारी_सुमती
आणि आम्ही काय, कोबी तेवढा वेचून खायचा?

डोंगरवेडी
माणसं असलेल्या झोपडीत नोंदणी करतानाच शाकाहारी कळवा, वेगळं करतात. पोचल्यावर सांगितलं तर बटाटे आणि सॅलड. स्वतःचं करायच्या झोपडीत ओट्स, भात, डबाबंद टोमॅटो असतात. मसाल्याची छोटी पुडी खिशात असली की भागतं.

इतिहासाचा_मास्तर
अवांतर होतंय, पण जगण्याचा विषय आहे म्हणून १७ मे. १८१४ मध्ये आइड्सव्होलला राज्यघटना झाली तो दिवस. रणगाडे, विमानं काही नाही. शाळेची मुलं बँडच्या मागे झेंडे हलवत चालतात, ओस्लोत राजवाड्याच्या सज्जातून राजघराणं हात हलवतं. लोक बुनाद घालतात, म्हणजे आपापल्या भागाचा भरतकाम केलेला पारंपरिक पोशाख, चांदीच्या ब्रोचांसह. हजारो क्रोनांचं प्रकरण आहे, एकेका घरात पिढ्यान् पिढ्या उसवून-वाढवून वापरतात. दुकानातला स्वस्त नकली बुनाद परक्या माणसाने घालण्यापेक्षा साडी किंवा झब्बा केव्हाही चांगला, कौतुकच होतं. साडीखाली लोकरी अस्तर घाला, मे महिन्यातही पाऊस-गारवा असतो. डाव्या बाजूला छातीवर लाल-पांढरी-निळी फीत. झेंडा जमिनीला टेकू द्यायचा नाही. दुकानं बंद, पाव-अंडी १६ तारखेलाच आणा.

सोसायटी_सेक्रेटरी
डुगनाड राहिलं, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं श्रमदान. वसंतात इमारतीच्या जिन्यात चिठ्ठी लागते: अमुक संध्याकाळी पाच ते आठ, सगळ्यांनी आवार साफ करायचं. हिवाळाभर रस्त्यावर टाकलेली खडी झाडणं, पानं गोळा करणं, कुंपणाला रंग. शेवटी वाफल किंवा सॉसेज. पैसे कोणाला नाहीत.

भाच्याला सांगा, पहिली चिठ्ठी चुकवू नको. शेजारी वर्षभर फक्त 'हाय' म्हणतील, पण खराटा हातात घेऊन तासभर उभं राहिलं की नाव, गाव, मुलांच्या शाळा सगळं कळतं.

बर्गनकर_बंडू
@सेक्रेटरी, जरा गुलाबी चित्र रंगवताय. काही सोसायट्या न येणाऱ्याला पैसे लावतात, मग ते ऐच्छिक कसलं? आणि मुलं शाळेत गेली की बँडचं डुगनाड, फुटबॉलचं डुगनाड, केक भाजा, कियोस्कवर उभे राहा, आणि क्लबसाठी पोतीच्या पोती टॉयलेट पेपर शेजाऱ्यांना विका. दोघंही नोकरी करणाऱ्यांना हा ताप आहे.

सोसायटी_सेक्रेटरी
ताप आहे, नाकारत नाही. पण म्हणूनच मुलांच्या खेळाचं शुल्क आटोक्यात राहतं. टॉयलेट पेपर तर शेजारीही तुम्हाला विकणार आहे, हिशेब बरोबर होतो.

आईची_डायरी
तीन वर्षांची मुलगी आहे म्हणून बालवाडीबद्दल. पाऊस असो की बर्फ, मुलं रोज बाहेर. लहानग्यांची दुपारची झोपसुद्धा ढकलगाडीत, उघड्यावर. अंगाला लागून सुती गंजी नको. घाम किंवा पाणी धरते आणि मूल गारठतं. आत लोकरीचा पातळ थर, मध्ये फ्लीस किंवा जाड लोकर, वर पावसाळी किंवा हिवाळी सूट. हातमोजे दोन जोड्या बालवाडीत कायम. प्रत्येक मोज्यावर नावाची चिकटपट्टी, नाहीतर शुक्रवारी हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत उत्खनन. डब्यात पावाचे तुकडे, फळ, काकडी. साखरेचं काही नको, गोळ्या-चॉकलेट शनिवारी ही तिथली रूढ शिस्त.

शंकासुर
मुलांना सरकार उचलून नेतं असं ऐकतो, त्याचं काय? २०११ मध्ये स्टाव्हांगरच्या भारतीय कुटुंबावरून केवढं रण माजलं होतं.

आईची_डायरी
जुन्या प्रकरणाचा इथे खल नको, धाग्याचं काश्मीर होईल. कामाचं तेवढं सांगते. मुलावर हात उगारणं, अगदी चापट, गमतीत कान पिळणं, १९८७ पासून स्पष्ट शब्दांत कायद्याने बंद. 'आमच्याकडे चालतं' हा बचाव होत नाही. आरोग्य केंद्रातल्या ठरलेल्या तपासण्या चुकवू नका, तिथल्या परिचारिकेला शंका मोकळेपणी विचारा. बालकल्याण खात्याने बैठकीला बोलावलं तर घाबरून टाळणं सगळ्यात वाईट. भाषा कळत नसेल तर दुभाषा मागा. तो देणं सरकारी कार्यालयावर बंधनकारक आहे, नवऱ्याला किंवा मुलाला दुभाषा करू नका.

स्कीवर_उभा
जानेवारीत ट्रोंडहाइम म्हणजे स्की. ट्रामने लियानला उतरलं की ब्यूमार्काचं जंगल सुरू होतं, वाटा यंत्राने आखलेल्या असतात. नवख्याने मेणवाली स्की घेऊ नये, खाली केसाळ पट्टी असलेली घ्यावी. लांबी उंचीपेक्षा वजनावर ठरते. कसोटी सोपी आहे: सपाट फरशीवर दोन्ही स्कींवर समान भार देऊन उभं राहायचं, पायाखालून कागदाची पट्टी सरकली पाहिजे. सगळा भार एका पायावर घेतला की ती अडकली पाहिजे. दोन्ही वेळा सरकली तर स्की फार कडक, चढावर घसराल. दोन्ही वेळा अडकली तर फार मऊ, उतारावर पळणारच नाही.

विकत घ्यायच्या आधी 'बुआ' या सामान उसनं देणाऱ्या संस्थेच्या केंद्रातून फुकट उसनी मिळते, लहान मुलांचीही. आखलेल्या वाटेवर बुटांनी चालायचं नाही, पडलात तर आधी बाजूला व्हा, मग कपडे झटका. आणि स्की नसेल त्या दिवसांसाठी बुटांना लावायचे काटे. निसरड्या फुटपाथवर पडून मनगट मोडणं हा नवख्यांचा ठरलेला अपघात आहे.

रात्रीचा_राजा
सप्टेंबरमध्ये उत्तर ध्रुवप्रकाश दिसेल का, हे फिरस्तांनी विचारलं नाही पण विचारणार आहेत. ट्रोम्सो त्या पट्ट्याखालीच आहे, त्यामुळे ॲपवरचा ध्रुवप्रकाशाच्या जोराचा आकडा २-३ असला तरी पुरतं. आकाश मोकळं असणं जास्त महत्त्वाचं. किनाऱ्यावर ढग असतील तर आत शिबोत्नच्या दिशेने जा, तिथे पाऊस कमी. कॅमेऱ्याला तिकाटणं, एफ २.८, आयएसओ १६०० च्या आसपास, ५ ते १० सेकंद. जादा बॅटरी आतल्या खिशात. थंडीतून खोलीत येण्याआधी कॅमेरा बंद पिशवीत घाला, नाहीतर भिंगावर दव धरतं.

डोंगरवेडी
दहा दिवसांत ट्रोम्सो कोंबू नका, प्लीज. मूळ प्रश्न 'एकच गोष्ट नीट' असा होता.

फिरस्ता_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याला धाग्याची लिंक पाठवली, त्याने पहिला प्रश्न सुट्टीच्या पगारावरच विचारला. आमचं ठरतंय असं: ओस्लो २, रोंदवासबू २, ट्रोंडहाइम २, मग बर्गनला विमानाने ३, शेवटचा दिवस परतीला. तारखा २० ते ३० सप्टेंबर, म्हणजे फोरिकोलचा गुरुवारही साधतो. चालेल?

डोंगरवेडी
आराखडा छान, तारखा नाही. सप्टेंबरच्या मध्यानंतर माणसं असलेल्या बऱ्याच झोपड्या बंद होतात, ओढ्यांवरचे उन्हाळी पूलही काढून ठेवतात, आणि ओत्ताहून वर जाणारी बस हंगामीच असते. बस एन-तूर या प्रवास-ॲपवर तारीख घालून बघा, झोपडीच्या पानावर उघडी असण्याच्या तारखा असतात. २८ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर करा. झाडी लालपिवळी व्हायला सुरुवात झालेली असते, डास संपलेले असतात. कोबी-मटण बर्गनला कुठल्याही खानावळीत खा, गुरुवारसाठी अडू नका.

पोटोबा
निषेध. पण डोंगराचं ती जास्त जाणते.

फिरस्ता_नाशिक
ठीक, २८ ऑगस्ट पक्कं. ती चादरीची पिशवी इथे मिळते का? तिकडे घ्यायची तर महाग असेल.

चौकस_काकू
विकत कशाला? जुनी मऊ सुती साडी घ्या, साडेचार मीटर कापा, मधोमध दुमडा. सव्वादोन मीटर लांब आणि साडीच्या पन्ह्याइतकी रुंद पिशवी होते. एक लांब बाजू पूर्ण शिवायची, दुसरी वरून हातभर उघडी सोडायची म्हणजे आत शिरता येतं. उशीला खोळ हवी असेल तर उरलेल्या कापडातून अर्धा मीटर मागच्या थराला जोडा. सिंथेटिक साडी नको, रजईतून घसरते. काठ-पदर काढून टाका, टोचतो.